शंभर वर्षांचा पूर म्हणजे काय?

११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू नदीवरचे दुसऱ्या क्रमांकाचे धरण फुटले आणि खालच्या अंगाला असलेले मोरबी शहर पाहता पाहता पाण्याखाली गेले. हजारो माणसे प्राणांस मुकली. या धरणाचा सांडवा सेकंदाला सुमारे ५,६६० घनमीटर पाणी बाहेर सोडू शकेल, अशा हिशेबाने बांधलेला होता. त्या दिवशी नदीतून त्याच्या जवळजवळ तिप्पट पाणी आले. पाणी धरणाच्या माथ्यावरून वाहू लागले. दगडी सांडवा उभा राहिला. पण त्याच्या दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले. पुढे धरण पुन्हा बांधताना सांडव्याची क्षमता सुमारे चौपट, म्हणजे सेकंदाला २१,००० घनमीटरच्या आसपास ठेवण्यात आली.

आता प्रश्न असा, की ५,६६० किंवा २१,००० हा आकडा येतो कोठून? पुढे कधीतरी येणाऱ्या, कोणीही न पाहिलेल्या पुराचे माप आधीच कसे सांगायचे? हे काम करणाऱ्या शास्त्राला जलविज्ञान म्हणतात आणि ते करणाऱ्याला जलशास्त्रज्ञ. धरणाची उंची, पुलाच्या कमानी, गावाची पूररेषा, शेताला मिळणारे पाणी, या साऱ्यांच्या मुळाशी जलशास्त्रज्ञाने दिलेला एखादा आकडा असतो. तो चुकला तर काय होते, हे मोरबीने दाखवले. आणि गेल्या काही दशकांत, पृथ्वीचे हवामान बदलू लागल्यापासून, तो आकडा काढणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. ते का, हे आपण पायरीपायरीने पाहू या.

पावसाचे माप

पहिली पायरी म्हणजे पाऊस मोजणे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक तुम्ही पाहिला असेल. वर नरसाळे, खाली बाटली आणि मोजण्यासाठी खुणा केलेली काचनळी. आपल्या देशात रोज सकाळी साडेआठ वाजता हे माप घेतात. 'दहा मिलिमीटर पाऊस पडला' याचा अर्थ, पाणी जिरले नसते, वाहिले नसते आणि त्याची वाफ झाली नसती, तर जमिनीवर दहा मिलिमीटर उंचीचा थर साचला असता. ही उंची लहान वाटते; पण एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर हा थर १०,००० घनमीटर पाण्याचा, म्हणजे एक कोटी लिटरचा होतो!

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शंभर चौरस मीटर गच्चीवर यामुळे किती पाणी पडले असेल? गुणाकार करून पाहा. उत्तर ९४,४०० लिटर येते. दहा हजार लिटरच्या नऊ टँकरांपेक्षाही जास्त. पण त्याच २४ तासांत, तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटरच पाऊस झाला. समजा, त्या दिवशी मुंबईत फक्त कुलाब्याला पर्जन्यमापक असता, तर सरकारी वहीत 'बऱ्यापैकी पाऊस' एवढीच नोंद राहिली असती. म्हणून एका मापकावर विसंबून चालत नाही. जितके मापक अधिक, तितके पावसाचे चित्र खरे. डोंगराळ भागात मापक कमी असतात आणि नद्यांना पाणी पुरवणारा पाऊस तर बहुधा तेथेच पडतो, ही जलशास्त्रज्ञाची नेहमीची अडचण आहे.

नदीचे माप

दुसरी पायरी म्हणजे नदी मोजणे. पावसाळ्यात सांगलीचे लोक सकाळी उठल्यावर आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते विचारतात. तेथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या घरात गेले आणि २००५ सालचा उच्चांक मोडला. पण पातळी म्हणजे उंची. जलशास्त्रज्ञाला हवा असतो विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहून जाणारे पाणी.

विसर्ग काढण्याची रीत सोपी आहे. नदीच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ काढायचे आणि त्याला पाण्याच्या वेगाने गुणायचे. मात्र वेग सगळीकडे सारखा नसतो. काठाशी आणि तळाशी घर्षणामुळे पाणी मंद असते, मधोमध आणि वरच्या भागात ते जोरात वाहते. म्हणून नदीच्या रुंदीचे अनेक उभे पट्टे पाडतात. प्रत्येक पट्ट्यात, पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांश अंतरावर वेगमापक धरतात. कारण तेथील वेग त्या उभ्या रेषेवरील सरासरी वेगाच्या अगदी जवळचा असतो, असे अनुभवाने आढळले आहे. प्रत्येक पट्ट्याचा विसर्ग काढून बेरीज केली की संपूर्ण नदीचा विसर्ग मिळतो.

हे काम रोज करणे परवडत नाही. म्हणून निरनिराळ्या पातळ्यांना विसर्ग मोजून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख काढून ठेवतात. पुढे नुसती पातळी वाचली, की आलेखावरून विसर्ग कळतो. येथे एक मेख आहे. महापुरात नदीवर नाव घालणे जिवावरचे काम असते. त्यामुळे आलेखाचा सर्वांत वरचा भाग बहुधा मोजून काढलेला नसतो. खालची रेघ अंदाजाने वर वाढवलेली असते. म्हणजे जो पूर आपल्याला सर्वांत महत्त्वाचा, तोच सर्वांत कमी मोजलेला!

वर्तमानपत्रात 'धरणातून ५०,००० क्युसेक विसर्ग' असे तुम्ही वाचता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. धरणाचा साठा देतात तो टीएमसीमध्ये. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. तेव्हा ५०,००० क्युसेकने एक टीएमसी पाणी सोडायला २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. हा हिशेब हाताशी असला, की बातमी नीट समजते.

चिठ्ठ्यांची पेटी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. 'शंभर वर्षांचा पूर' हे शब्द फार फसवे आहेत. तो एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असे पुष्कळांना वाटते. खरा अर्थ एवढाच, की तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक आहे.

एका पेटीत शंभर चिठ्ठ्या आहेत असे समजा; ९९ पांढऱ्या आणि एक तांबडी. दरवर्षी एक चिठ्ठी काढायची, पाहायची आणि परत पेटीत टाकायची. तांबडी आली तर पूर. गेल्या वर्षी तांबडी आली म्हणून यंदा ती येणार नाही असे नाही, कारण ती पेटीत परत पडलेली आहे.

नदीकाठी घर बांधून तुम्ही तेथे तीस वर्षे राहिलात, तर पूर पाहण्याची शक्यता किती? एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९. तीस वर्षे ओळीने न येण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. म्हणजेच निदान एकदा पूर येण्याची शक्यता २६ टक्के, चारात एकाहून थोडी जास्त. पन्नास वर्षांत ती सुमारे ३९ टक्के होते आणि शंभर वर्षांत ६३ टक्के. शंभर टक्के ती कधीच होत नाही.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. चाळीस मुलांपैकी प्रत्येकाने तीस वेळा चिठ्ठी काढावी. साधारण दहा जणांना तांबडी चिठ्ठी दिसेल, तीस जणांना एकदाही दिसणार नाही. हे तीस जण म्हणतील, 'आमच्या गावाला पूर येतच नाही!'

प्रत्यक्षात पेटीत तांबड्या चिठ्ठ्या किती, हे आधी कोणी सांगत नाही. तो आकडा जुन्या नोंदींवरून काढावा लागतो. त्यासाठी प्रत्येक वर्षातला सर्वांत मोठा विसर्ग घेऊन मोठ्यापासून लहानापर्यंत यादी करतात. नोंदी ३९ वर्षांच्या असतील, तर पहिल्या क्रमांकाच्या पुराला ४० वर्षांचा, दुसऱ्याला २० वर्षांचा असा पुनरावृत्तीचा काळ देतात. मग हे बिंदू आलेखावर मांडून, संभाव्यतेच्या गणिताने मिळणारी वक्ररेषा त्यांतून काढतात आणि ती शंभर वर्षांपर्यंत वाढवतात. लहान धरणांसाठी असा शंभर वर्षांचा पूर धरतात. मोठ्या धरणांसाठी मात्र एवढ्यावर भागत नाही. त्या खोऱ्यावर निसर्गनियमांनुसार जास्तीत जास्त किती पाऊस पडू शकेल, याचा अंदाज घेऊन 'संभाव्य महत्तम पूर' काढावा लागतो.

वही किती जुनी?

या साऱ्या गणितात एक गृहीत दडलेले आहे. आपली वही पेटीचा नमुना म्हणून पुरेशी आहे, हे ते गृहीत. ते कसे दगा देते, याचे नामांकित उदाहरण अमेरिकेतील कोलोरॅडो नदीचे आहे. १९२२ साली तेथील सात राज्यांनी पाणीवाटपाचा करार केला. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट आणि खालच्या खोऱ्यालाही तेवढेच पाणी ठरले. एक एकर-फूट म्हणजे सुमारे १,२३३ घनमीटर. तेव्हा दोन्ही मिळून सुमारे १,८५० कोटी घनमीटर पाणी झाले. पण करारामागच्या नोंदी जेमतेम दोन दशकांच्या होत्या, आणि ती वर्षे नेमकी भरपूर पाण्याची होती.

मग त्याआधीची नदी कशी कळणार? वृक्षांना विचारून! झाडाच्या बुंध्यात दरवर्षी एक वलय पडते. ओल्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. जुन्या झाडांची वलये मोजून १९७६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की कित्येक शतकांची सरासरी वर्षाला सुमारे १३५ लाख एकर-फूटच भरते. म्हणजे कागदावर वाटलेले पाणी नदीत कधी सातत्याने नव्हतेच.

आपल्याकडेही अशा 'जुन्या वह्या' आहेत. महापुराचे पाणी उपनदीच्या मुखात किंवा खडकाच्या आडोशाला शिरते, तेथे ते संथ होते आणि त्यातली बारीक वाळू खाली बसते. पूर ओसरला तरी हा थर उंचावर शिल्लक राहतो. पुणे विद्यापीठातील भूगोलाच्या अभ्यासकांनी नर्मदेच्या खोऱ्यातील असे थर तपासून, कोणी लिहून न ठेवलेल्या महापुरांचा माग काढला आहे.

पेटीतल्या चिठ्ठ्या बदलल्या तर?

वही लांबवता येते. पण आपल्या नकळत कोणी पेटीत तांबड्या चिठ्ठ्यांची भर घातली तर? हवामानबदलाने नेमका हाच प्रश्न उभा केला आहे.

भौतिकशास्त्राची बाजू पाहू. हवेत किती बाष्प मावेल हे तापमानावर ठरते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते. ३० अंशाला सुमारे ३० ग्रॅम. दर अंशामागे ही वाढ ६ ते ७ टक्के पडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान आज एक अंशाहून अधिक वाढलेले आहे. त्यामुळे ढगांना मिळणारा बाष्पाचा पुरवठा वाढतो. शिवाय बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, तिने हवा आणखी वर उचलली जाते. म्हणून पाऊस पडू लागला, की तो जोरात पडण्याकडे कल वाढतो.

पण हीच उष्ण हवा पावसाच्या दोन सरींमधल्या दिवसांत जमिनीतली ओल अधिक वेगाने शोषते. म्हणजे पूर आणि दुष्काळ एकाच कारणाने वाढू शकतात. यात विसंगती नाही. कोलोरॅडोच्या नदीत २००० ते २०१४ या वर्षांत १९०६ ते १९९९ च्या सरासरीपेक्षा १९ टक्के पाणी कमी वाहिले, आणि या घटीचा निदान तिसरा हिस्सा वाढत्या तापमानामुळे असावा, असा अंदाज २०१७ साली शास्त्रज्ञांनी मांडला. ऑगस्ट २०२१ मध्ये तेथे इतिहासात प्रथमच पाणीटंचाई अधिकृतपणे जाहीर झाली.

आपल्या मोसमी पावसाचे काय? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या रोजच्या नोंदी तपासल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मोठा बोलका आहे. हंगामाच्या एकूण पावसात ठळक वाढ-घट नाही. पण अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. सरासरी तीच, चिठ्ठ्या मात्र निराळ्या! याच संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या २०१७ सालच्या अभ्यासात असे दिसले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

आता आपल्या पेटीत एका तांबड्या चिठ्ठीऐवजी चार टाका. काल जो शंभर वर्षांचा होता, तो पूर आता पंचवीस वर्षांचा झाला. तीस वर्षांत तो येण्याची शक्यता २६ टक्क्यांवरून सुमारे ७१ टक्क्यांवर जाते. चाळीस मुलांच्या वर्गात दहाऐवजी अठ्ठावीस जणांना तांबडी चिठ्ठी दिसेल. पण बारा जणांना तरीही एकदाही दिसणार नाही! एकेका गावाच्या अनुभवावरून हवामान बदलले की नाही हे ठरवू नये, ते यासाठीच.

'भूतकाळातली चढउतार जेवढी, भविष्यातलीही तेवढीच' हे गृहीत आता मेले आहे, असे सात शास्त्रज्ञांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले. ते वाक्य जलविज्ञानात आजही वारंवार आठवले जाते. अर्थात, याचा अर्थ प्रत्येक नदीचा पूर वाढेल असा नाही. पुराचे माप नुसत्या पावसावर ठरत नाही. जमीन आधीच किती ओली होती, डोंगरावर झाडी किती, पात्रात अतिक्रमण किती, वरच्या धरणात जागा किती, हे सारे त्यात येते. म्हणून प्रत्येक खोऱ्याचा अभ्यास स्वतंत्रपणे करावा लागतो.

मग जलशास्त्रज्ञ काय करतो?

तो खोऱ्याचे गणिती प्रतिमान संगणकावर उभे करतो. पाऊस आत घालायचा. काही जिरेल, काही वाफ होईल, उरलेला नदीत येईल. प्रतिमान बरोबर आहे हे कशावरून? नोंदींच्या अर्ध्या भागावर ते जुळवायचे आणि उरलेल्या अर्ध्यावर तपासायचे. व्हीत क्लेमेश या जलशास्त्रज्ञाने १९८६ साली याहून कडक परीक्षा सुचवली. ओल्या वर्षांवर जुळवलेले प्रतिमान कोरड्या वर्षांवर तपासा, आणि कोरड्यांवरचे ओल्यांवर. बदलत्या हवामानात टिकण्यासाठी प्रतिमानाला नेमकी हीच परीक्षा द्यावी लागते. विद्यार्थ्यांना हे सहज पटेल. सोडवून घेतलेलीच उदाहरणे परीक्षेत आली, तर मार्क कसले?

दुसरी गोष्ट, तो एका आकड्यावर थांबत नाही. निरनिराळी हवामान-प्रतिमाने निरनिराळी उत्तरे देतात. प्रामाणिक जलशास्त्रज्ञ 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असे सांगतो, आणि त्या साऱ्या पट्ट्यात निभावून नेईल अशी योजना सुचवतो. उदाहरणार्थ, पुढच्या काही दिवसांच्या पावसाचा अंदाज पाहून धरणात आधीच जागा करणे, पूररेषेच्या आत वस्ती न वाढू देणे, धोक्याची सूचना गावागावांत वेळेवर पोचवणे. धरण फार लवकर रिकामे केले आणि पाऊस आला नाही, तर उन्हाळ्यात नळ कोरडे पडतील. उशीर केला, तर खालची गावे बुडतील. या दोन टोकांमध्ये त्याला उत्तर शोधायचे असते.

आणि तिसरी गोष्ट, तो मोजणे थांबवत नाही. पेटीतल्या चिठ्ठ्या बदलत असतील, तर जुन्या वहीबरोबर आजची नोंदही तितकीच मोलाची ठरते.

या क्षेत्रात यायचे तर वाटा अनेक आहेत. भौतिकशास्त्र, गणित, भूशास्त्र, भूगोल, स्थापत्य अभियांत्रिकी, यांपैकी कोणत्याही विषयाची पदवी घेऊन पुढे जलविज्ञानाकडे वळता येते. रुडकी येथे १९७८ पासून राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे; तेथे नद्या आणि धरणांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून पाहतात. केंद्रीय जल आयोग देशभरच्या नद्यांची मापे ठेवतो आणि पुराचे अंदाज देतो.

पण सुरुवात आजही करता येईल. सरळ भिंतींची एक बाटली आणि तिच्या तोंडाच्या दहापट क्षेत्रफळाचे नरसाळे घ्या. बाटलीत पाणी एक सेंटिमीटर चढले, तर पाऊस एक मिलिमीटर झाला असे समजा. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी ती ठेवा. रोज सकाळी साडेआठला माप घ्या, तारीख घालून वहीत लिहा आणि बाटली रिकामी करा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायला विसरू नका. रिकामी जागा आणि शून्य यांत फार अंतर आहे. शाळा सोडताना ती वही खालच्या वर्गातल्या कोणाच्या तरी हाती द्या. तीस वर्षे ती अशी चालली, तर एखाद्या जलशास्त्रज्ञाला तुमच्या गावावरच्या ओढ्याचा पूल किती उंच बांधायचा, हे ठरवताना तिचा उपयोग होईल.